शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराज : दंड आणि दया

कीर्तन आटोपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगू लागतात, आणि खांबाआड एखादा माणूस थांबलेला असतो. गर्दी ओसरली की तो जवळ येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, की हातून घडू नये ते घडून गेले आहे; पांडुरंग पदरात घेईल का? आम्हांला हा प्रश्न आजवर किती वेळा ऐकावा लागला त्याची गणती नाही. उलट बाजूने विचारणारेही भेटतात. ते खांबाआड उभे राहत नाहीत, चारचौघांत विचारतात. देव जर सगळ्यांनाच पदरात घेणार असेल, तर यमधर्माने वही कशाला ठेवली? ज्याने लुटले तो आणि जो लुटला गेला तो, दोघे एकाच पंगतीला बसणार काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही पाठशाळेत असताना मनुस्मृतीचा अकरावा अध्याय शिकलो, त्यात ब्रह्महत्या करणाऱ्याला १२ वर्षे वनवास सांगितला आहे. पुढे भागवताचा सहावा स्कंध शिकलो, त्यात जन्मभर पाप केलेला अजामिळ अंतकाळी एका हाकेने यमपाशातून सुटतो. गुरुजींनी दोन्ही गोष्टी एकाच आसनावर बसून सांगितल्या, आणि दोन्ही तितक्याच गंभीरपणे सांगितल्या. आमच्या बालबुद्धीला मात्र उमजेना. दंड खरा की दया खरी? या कोड्याचा उलगडा आम्हांला पोथीपेक्षा श्रीनाथांच्या चरित्रात अधिक झाला. म्हणून या खेपेस नाथांचे चरित्र याच एका अंगाने सांगतो.

नाथांचा जन्म पैठणचा, इ. स. १५३३च्या सुमाराचा. पणजोबा भानुदास महाराज म्हणजे ज्यांनी विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती परत पंढरीला आणली अशी संप्रदायाची श्रद्धा, ते थोर भक्त. त्यांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांच्या पोटी आमचे नाथ. मूल मूळ नक्षत्रावर जन्मले आणि थोड्याच दिवसांत आईबाप दोघेही निवर्तले. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. पोरगा मुळावर आला! ज्याने अजून एक पाऊल टाकले नाही, त्याच्या माथी आईबापाच्या मरणाचा दोष. नाथांच्या वाट्याला आलेला पहिला निवाडा हा असा पाळण्यातला होता. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी मात्र त्या निवाड्याकडे पाठ फिरवली आणि पोराला पोटाशी धरले. दंड आणि दया या दोहोंची ओळख त्या बाळाला अशी एकाच घरात झाली.

बारा वर्षांचे वय असेल नसेल, नाथ घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पायाशी गेले. स्वामी किल्लेदार होते, दत्तात्रेयांचे अनुगृहीत होते. राजाची चाकरीही चोख आणि देवाचीही चोख. त्यांनी शिष्याला किल्ल्याच्या जमाखर्चाचे काम सांगितले. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक येईना का! नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली, तेल सरले, पुन्हा घातले, आणि पहाटेस ती पै सापडली. नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. मागे गुरू उभे होते. एका पैची चूक सापडल्याचा इतका आनंद, तर हे सगळे चित्त श्रीहरीकडे लागले तर काय होईल, असे त्यांनी शिष्याला समजावले. ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गुरुभक्तीसाठी ती सांगतात, ते योग्यच. पण आम्हांला तीत आणखी एक दिसते. पुढे जन्मभर ज्याने अपराध्यांना पदरात घेतले, तो हिशेबात ढिला माणूस नव्हता, बरं का. पैचीही चूक ज्याला झोपू देत नाही असा तो होता. दयाळू माणसाला चूक दिसत नाही, असे कोणी समजू नये. नाथांना ती इतरांच्या आधी दिसत असे.

गुरुआज्ञेने तीर्थयात्रा झाली, पैठणास परत येणे झाले, विजापूरकडील गिरिजाबाईंशी विवाह झाला. संसार सुखाचा. गोदावरी व गंगा या मुली, हरी हा मुलगा. घरात नित्य अन्नदान, रात्री हरिकीर्तन. याच काळात नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहावयास घेतली. पहिले ५ अध्याय पैठणास झाले, आणि त्यांची वार्ता काशीला पोहोचली. देववाणीतले ज्ञान प्राकृतात आणणे हाच तेथील काही पंडितांना अपराध वाटला व नाथांना जाब देण्यास बोलावणे आले. नाथ गेले. तेथे विरोध निवळला, सन्मान झाला, आणि तो ग्रंथ इ. स. १५७३ मध्ये कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीतच पूर्ण झाला. १८,०००हून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आज आपल्या घराघरांत आहे.

या एकादश स्कंधातच आमच्या विषयाचे मर्म आहे. एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी भगवंत उद्धवाला सांगतात, की गुणदोष पाहत बसणे हाच दोष आणि ते न पाहणे हाच गुण. उद्धव काही भोळा श्रोता नव्हे. विसाव्या अध्यायाच्या आरंभीच त्याने देवाला पेचात धरले. हे कर आणि ते करू नको असे वेद सांगतो, आणि वेद म्हणजे तुझीच आज्ञा. गुणदोष पाहायचे नाहीत, तर तुझी ती आज्ञा वाया गेली म्हणायची की काय? आम्ही सुरुवातीस सांगितलेले दोन्ही प्रश्न या एका प्रश्नात आले. भगवंतांनी उत्तर दिले ते अधिकाराचे. ज्ञान, कर्म आणि भक्ती अशा तीन वाटा आहेत. वैराग्य येईपर्यंत किंवा हरिकथेची गोडी लागेपर्यंत कर्म सोडू नये. आपापल्या अधिकारात निष्ठा धरणे हाच गुण. उत्तर पाहा कसे आहे. देवाने आपली आज्ञा मागे घेतली नाही, आणि आपली कृपाही मागे घेतली नाही. नाथांनी या अध्यायांवर ओवी लिहिली, आणि मग ती ओवी पैठणच्या रस्त्यावर जगून दाखवली. ती कशी, ते आता पाहू.

नाथांच्या घरी पितरांचे श्राद्ध होते. स्वयंपाकाचा वास रस्त्यावर गेला. गावकुसाबाहेरचे एक कुटुंब त्या वाटेने चालले होते, त्यांच्या लेकराने त्या अन्नाचा हट्ट धरला. नाथांनी ऐकले मात्र, ब्राह्मणांसाठी केलेले ते सगळे अन्न गिरिजाबाईंच्या हातून त्या उपाशी माणसांना वाढले. ब्राह्मणांसाठी पुन्हा सोवळ्यात स्वयंपाक केला, पण ते जेवावयास येईनात. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडत बसलेले त्याच वस्तीतले पोर नाथांनी कडेवर घेऊन घरी पोहोचवले, तेव्हाही असाच गहजब झाला. सभेने प्रायश्चित्त फर्मावले. आता येथे लक्ष द्या. नाथांनी वाद केला नाही. पोथीचा आधार त्यांच्याजवळ कमी होता काय? तरी ते मुकाट्याने प्रायश्चित्तासाठी नदीवर गेले. आणि चरित्रकार सांगतात, की त्याच वेळी त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठाने पीडलेला ब्राह्मण विचारीत विचारीत तेथे आला. त्याला शंकराचा दृष्टांत झाला होता, की पैठणच्या एकनाथाने गावकुसाबाहेरच्यांना श्राद्धाचे अन्न जेवू घातले त्याचे पुण्य मागून घे, म्हणजे व्याधी जाईल. नाथांनी पाणी सोडून ते पुण्य देऊन टाकले. ब्राह्मण बरा झाला.

या कथेचा अर्थ आम्ही असा करतो. सभेने जी रक्कम नाथांच्या नावे खर्ची टाकली होती, ती देवाने केव्हाच जमेला धरली होती. निवाडा करणाऱ्या माणसाची चूक अशी होऊ शकते. म्हणून दुसऱ्याला पापी ठरवताना जिभेला जरा आवर असावा.

पण ही गोष्ट सोपी. इथे पाप नव्हतेच. खरी कसोटी पुढे आहे.

एकदा एक ब्राह्मण पैठणास आला. त्याच्या हातून दुसऱ्या ब्राह्मणाची हत्या झाली होती. आपले पाप तो स्वतःच्या तोंडाने सांगत, प्रायश्चित्त मागत फिरत होता. त्याला कोणी दारात उभे करीना. नाथांनी त्याच्याकडून हरिनाम घेववले, घरी नेले, आणि आपल्या पंगतीला बसवले. पैठणात खळबळ उडाली. धर्मसभा बसली. या सभेला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. एक माणूस मेला होता. त्याची बायको असेल, पोरेबाळे असतील. त्यांच्या बाजूने बोलणारे त्या दिवशी शास्त्रावाचून कोण होते? शास्त्राने १२ वर्षांचा दंड सांगितला तो सूडासाठी नव्हे. मेलेल्या जिवाची किंमत मोठी आहे हे जगाला कळावे, म्हणून सांगितला. नाम घेतले आणि झाले, असे म्हटले तर त्या मेलेल्याचा जीव स्वस्त होत नाही काय? सभेचा आक्षेप असा वजनाचा होता.

सभेने प्रमाण मागितले. देवळापुढचा दगडी नंदी याच्या हातचा चारा खाईल, तर याची शुद्धी झाली असे मानू. नाथांनी नंदीला विनविले, त्या ब्राह्मणाने गवताची पेंढी पुढे केली, आणि दगडाच्या नंदीने ती खाल्ली, असे चरित्रकार लिहितात. महिपतीबोवांनी भक्तांची चरित्रे गाऊन ठेवली, त्यांच्यामुळे अशा कथा आपल्यापर्यंत आल्या.

दगडाने गवत कसे खाल्ले, यावर कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने खुशाल घालावा. आम्हांला त्या दिवशीचे दोन वेगळे चमत्कार मोठे वाटतात. पहिला हा, की खून केलेल्या माणसाने आपला अपराध लपवला नाही. गावोगाव स्वतःच्या तोंडाने सांगितला. बारा वर्षांच्या वनवासात हत्यारा हातात कवटी घेऊन हिंडतो, ती कशासाठी? आपले पाप जगाला दिसावे म्हणून. या माणसाने ती कवटी जिभेवर धरली होती. दुसरा चमत्कार हा, की नाथांनी त्याला नुसते क्षमेचे शब्द दिले नाहीत. त्याच्या पानाशेजारी आपले पान मांडले. त्याच्यावरचा बहिष्कार आपल्यावर घेतला. दया करणाऱ्याला ती फुकट पडत नाही, मंडळी. जिथे दया करणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही, तिथे ती दया आहे की नुसता आळस, हे तपासून पाहावे.

पैठणच्या लोकांना हा प्रसंग नवा नव्हता. त्याआधी सुमारे ३०० वर्षांपूर्वी, इ. स. १२८७ मध्ये, याच गावात चार भावंडे शुद्धिपत्रासाठी येऊन उभी राहिली होती. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना जगाने बाहेर टाकले होते. त्यांच्या आईबापांना तर देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, आणि विठ्ठलपंत व रुक्मिणीमाता यांनी ते खरोखरच घेतले. पोरे मागे राहिली. तेव्हा पैठणात रेडा बोलला, नाथांच्या वेळी नंदी जेवला. माणसे न्यायाच्या भरात दगड झाली, म्हणजे देवाला असे मुके प्राणी आणि दगड साक्षीला बोलवावे लागतात. पुढे नाथांनीच आळंदीला जाऊन माउलींच्या समाधीची सेवा केली आणि इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्यांच्या आईबापांना निवाड्याने जगू दिले नाही, त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात निवाड्याबद्दल कडवटपणाचा एक शब्दही नाही. प्रत शुद्ध करताना नाथांना हे अक्षराअक्षराला जाणवले असेल.

आता ज्यांना नाम म्हणजे पापाचा परवाना वाटतो त्यांच्यासाठी अजामिळाची कथा पुन्हा नीट सांगतो. भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या शेवटी २८ नरकांचे वर्णन आहे. ते ऐकून परीक्षितीचा थरकाप झाला व त्याने सुटकेचा उपाय विचारला. शुकाचार्यांनी प्रथम प्रायश्चित्तच सांगितले, वैद्य रोग पाहून औषध देतो तसे. राजा म्हणाला की माणूस प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो. हत्ती नाहतो आणि अंगावर धूळ उडवून घेतो, तसे हे. तेव्हा शुकांनी भक्तीचा मार्ग सांगून अजामिळाची कथा काढली. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण वाममार्गाला लागला, ८८ वर्षांचा झाला, मरतेवेळी यमदूत दिसताच त्याने धाकट्या मुलाला नावाने हाक मारली. मुलाचे नाव नारायण. विष्णुदूत धावले व त्यांनी पाश तोडले. लोकांची कथा इथेच संपते. भागवताची संपत नाही. अजामिळ त्या क्षणी वैकुंठाला गेला नाही, तो जिवंत राहिला. दोन्ही दूतांचा संवाद त्याने ऐकला होता. आपण बायकोला टाकले, म्हाताऱ्या आईबापांना टाकले, हे आठवून तो रडला. मग सर्व सोडून गंगाद्वारी गेला, इंद्रिये आवरून तप केले, आणि त्यानंतर तेच विष्णुदूत त्याला न्यायला आले. पाश नामाने तुटला, तो पुढे नीट चालता यावे म्हणून. नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराध आहे, हेही शास्त्रानेच सांगितले.

आणि दूत रिकाम्या हाताने परत गेले तेव्हा यमधर्म काय करतो? तो रागावत नाही. भागवतधर्माचे रहस्य जाणणारे १२ जण तो दूतांना सांगतो. ब्रह्मदेव, नारद, शंकर, प्रल्हाद, जनक, भीष्म, बळी, शुक अशी ती नावे आहेत, आणि बारावे नाव यमाचे स्वतःचे! न्यायासनावर बसलेला हा स्वतः भक्त आहे. ज्याच्या हातात दंड, त्याच्याच हृदयात नाम. मग दोहोंत वैर कुठले?

नाथांच्या घरातही हा प्रश्न आला, आणि तो फार जवळच्या माणसाकडून आला. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान झाला. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला शास्त्राविरुद्ध वाटे. तो रुसून काशीला गेला. नाथ म्हातारपणी त्याला आणायला गेले. प्राकृतात पुराण सांगायचे नाही व परान्न घ्यायचे नाही, अशा अटी मुलाने घातल्या. नाथांनी त्या मान्य केल्या. जगाच्या निवाड्यापुढे जो वाकला नाही तो लेकासाठी वाकला. हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागला, आणि हळूहळू श्रोते येईनासे झाले. नाथ गप्प राहिले.

मग एक गरीब विधवा आली. तिने चांगल्या दिवसांत सहस्रभोजनाचा नवस केला होता, तो फिटला नव्हता. आता घरात एकाला वाढण्यापुरतेच अन्न होते. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातले तरी हजारांचे फळ मिळते, असे तिला सांगण्यात आले, म्हणून ती नाथांना विनवू लागली. नाथांनी अट मोडली नाही. मुलाला विचारले, मुलाने तिच्या घरी स्वतः स्वयंपाक केला, नाथ जेवले. मग त्यांनी हरीला उष्टे पान काढावयास सांगितले. हरीने पान उचलले, तर खाली आणखी एक उष्टे पान. ते उचलले, तर आणखी एक. उचलता उचलता हजार पाने झाली. हरिपंडिताचा पांडित्याचा अभिमान तिथे गळाला. त्याने वडिलांचे पाय धरले आणि पैठणात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

आता देवगिरीवरची ती पहाट आठवा. म्हातारीचा नवस हजारांचा होता. नाथांनी तो माफ करून टाकला नाही. हजाराला एक कमी चालेल, असेही म्हटले नाही. हजार पाने मोजून भरली, पण ती म्हातारीच्या डब्यातली नव्हती, देवाच्या पदरची होती. आमच्या कोड्याचे उत्तर हेच. दया हिशेबाची वही फाडत नाही. कमी पडलेली पै ती आपल्या पदरची घालते. कुष्ठी ब्राह्मणाला नाथांनी आपले पुण्य दिले, हत्या केलेल्याला आपली पंगत दिली, मुलाला आपला मान दिला. प्रत्येक वेळी जमाखर्च पुरा झाला, आणि प्रत्येक वेळी तो नाथांच्या खिशातून झाला.

म्हणून खांबाआड थांबणाऱ्याला आम्ही सांगतो, की बाबा रे, पांडुरंग पदरात घेईल. तू तोंड लपवू नकोस, आणि ज्याचे बुडवलेस त्याच्या दारी आधी जा. कण कण का होईना, फेडीत राहा. उरलेले तो विटेवरचा पाहून घेईल. आणि चारचौघांत विचारणाऱ्याला सांगतो, की वही खरी आहे, पण ती तुझ्या हाती दिलेली नाही. तुला एखाद्याची दया आली तर त्याच्या शेजारी पान मांडून बस.

भावार्थ रामायणाचे युद्धकांड लिहिता लिहिता नाथांनी काम थांबवले. उरलेला भाग गावबाने पुरा केला. हाही एक हिशेब शिष्याने पुरा केला म्हणायचा. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी हरिकीर्तन करीत गोदामाईत प्रवेश केला. ज्या पाण्यापाशी त्यांना प्रायश्चित्तासाठी उभे केले गेले, त्याच पाण्याने त्यांना पोटात घेतले. १९७६ साली पूर्ण झालेल्या धरणाने पैठणला त्या गोदेचा केवढा सागर झाला, आणि लोकांनी त्याला नाव दिले ते नाथसागर.

दरवर्षी नाथषष्ठीला हजारो पताका तेथे जमतात. वाळवंटातल्या त्या गर्दीत कोण किती पापी, कोण किती पुण्यवान, हे कोणी कोणाला विचारत नाही. काल्याचा घास एकमेकांच्या मुखात घालतात आणि पायांवर डोके ठेवतात. आम्ही तो घास अनेकदा घेतला आहे, आणि घेताना आमच्या स्वतःच्याही वहीतल्या कितीतरी पया आठवल्या आहेत. त्या नाथांच्या चरणी ठेवतो आणि ही सेवा पुरी करतो.

रामकृष्णहरि.